नळी जमिनीकडे

शिहर, ११ रजब १३५२

आणि हेही ऐकून घे, सईदच्या आई: बंदूक आपल्या बापाची होती, तुझ्या सासऱ्याची नव्हती. बाप गेला तेव्हा मी लहान होतो म्हणून ती तुझ्या घरातल्या खुंटीवर गेली, ते ठीक झालं. आता मला चांगली मिशी आली आहे. तरी दर खेपेला तुझा निरोप तोच, पुढच्या खेपेला बघू. पुढची खेप म्हणजे कयामत का?

इथलं सांगतो. चुन्याच्या भट्टीवरचं काम सुटलं. मुकादम मला डोंगरातलं जनावर म्हणाला, मी त्याला फावडं मारलं. मेला नाही, कान तेवढा लोंबकळतोय. मी मशिदीत लपून बसलो आणि तो शांत झाल्यावर बाहेर आलो. त्याचा कान जुळेल की नाही यावर बंदरात पैजा लागल्या आहेत.

आता सोबत्याचं काम धरलंय. उबैद बा-जुबैर नावाचा म्हातारा व्यापारी जावाहून गलबताने आलाय. सगळी उमर तिकडे गेली, आता तरीमला घरी मरायला चाललोय असं स्वतःच सगळ्यांना सांगतो. त्याचे उंट आपल्या सुमैर जमातीच्या पठारावरून जाणार, म्हणून त्याला सुमैरचा माणूस सोबत हवा. मी हो म्हटलं. तो माझ्या तोंडाच्या जामिनावर चालणार. त्याला आपल्या कुणाकडून ओरखडा आला, तर तोंड माझं काळं.

आता तूच बोल. सोबती पुढे चालतो तो बंदूक खांद्याला उलटी टांगून, नळी जमिनीकडे. ते बघितलं की कड्यावरचा आपला माणूस ओळखतो, ही माणसं आपल्या भावाच्या जिम्म्यात आहेत, आणि बंदुकीचा तोडा, ती बार उडवायची जळती वात, विझवतो. मी काय उलटं टांगू, चप्पल?

बखीत उंटवाला हे पत्र आणतोय. परत येताना त्याच्या हाती बंदूक दे. दाजींना माझा सलाम सांग, हळू आवाजात. तीन रियाल पाठवतोय, मुलांना खजूर घे.

करामा


हुवैर, २४ रजब

करामा,

मिशीला तेल लाव आणि खाली बस. तुझ्या मिशीपायी मी माझी पोरं उघड्यावर टाकू का?

तुला कळवलं नव्हतं, आता कळवते. पूर्वेकडची माणसं आली होती. आपल्या टाक्यावर त्यांनी माझ्या धाकट्या दिराला भोसकलं. आतडी दोन्ही हातांत धरून तो घरापर्यंत चालत आला, उंबऱ्यावर बसला, पाणी मागितलं, आणि मी भांडं भरून आणेपर्यंत गेला होता. तेव्हाच कळवलं असतं तर तू धावत आला असतास आणि त्यांच्यातला कोणीतरी मारून बसला असतास, म्हणून गप्प राहिले.

तेव्हापासून सईदचा बाप घाटाच्या कड्यावर बसून असतो. गारठा लागू नये म्हणून अंगाला नीळ चोपडतो, तोडा पेटता ठेवतो, खडक हलला तरी नेम धरतो. बंदूक आता खुंटीवर नाही, त्याच्या हातात असते. आणि ऐकून घे, तुझा निरोप आला तेव्हा त्याने ती बखीतच्या हाती दिली होती. म्हणाला, 'पोराची आहे, जाऊ दे त्याच्याकडे, मी गोफणीवर भागवीन.' मीच ती बखीतकडून हिसकावून परत आणली. तेव्हा राग धरायचा तर माझ्यावर धर, त्याच्यावर नको.

तू काठी घेऊन ये. तुझी चाल आंधळाही ओळखेल, बापासारखा डावा पाय फेकत चालतोस. फक्त कोणत्या घाटाने येणार आणि कधी, ते आधी कळव. मी त्याला सांगून ठेवते. एवढं कर.

टाक्यात पाण्यापेक्षा चिखल जास्त आहे. शेळ्या चिखल चाटतात आणि आडव्या होतात. तुझ्या तीन रियालांचा खजूर घेतला नाही, बंदुकीची दारू घेतली.

सईद विचारतो मामा कधी येणार. मी सांगते, भांडण संपलं की.

मुझना


घाटाचा पायथा, १२ शाबान

सईदच्या आई,

म्हणजे माझ्या बापाच्या पठारावर पाय ठेवायला मी दाजींची परवानगी काढायची. कोणत्या घाटाने येऊ, कधी येऊ, जोडे काढून येऊ का. तुझ्या दिराचं वाचून वाईट वाटलं, तो मला गोफण शिकवायचा. पण परवानगी मी मागणार नाही. आम्ही वरच्या घाटाने येतोय, आणि हे पत्र मी मुद्दाम मागून येणाऱ्या माणसाकडे देतोय. तुझ्या हाती पडेल तेव्हा मी तुझ्या दारात बसून कॉफी पीत असेन आणि दाजींना विचारत असेन, तुमचं लक्ष कुठे होतं.

शिहर सोडल्यापासून वाळू आणि माश्या. उंटांना चारायला सुक्या तारलीच्या गोण्या घेतल्यात, तोच वास अन्नाला, तोच पाण्याला. पहिल्याच विहिरीवर युस्लिम नावाच्या आमच्या उंटवाल्याची एका किनाऱ्यावरच्या माणसाशी पोहऱ्यावरून जुंपली. त्या माणसाने युस्लिमचा अंगठा चावला, युस्लिमने पोहरा त्याच्या कपाळावर घातला. कपाळ खरबुजासारखं उघडलं. मग दोघंही एकाच पोहऱ्याने प्याले, कारण दुसरा नव्हता.

म्हातारा मजेचा आहे. दाढीला मेंदी लावतो आणि उंटावर काळी छत्री उघडून बसतो. जावाची छत्री. युस्लिम म्हणतो, उंटाला लाज वाटते म्हणून तो मान खाली घालून चालतो.

मी काठी खांद्याला उलटी टांगलीय. बघून म्हातारा म्हणाला, "सोबती, तुझी काठी उडते का?"

"उडत नाही. लागते."

"तरीमला पोहोचू दे. तुला अशी बंदूक घेऊन देतो की तुझा मेहुणा तुझी दाढी कुरवाळेल."

"मला दाढी नाही, मिशी आहे."

"मग मिशी कुरवाळेल. गरजवंताला निवड नसते, मेहुण्याला तर नसतेच."

घरी त्याची मुलगी आहे. तो गेला तेव्हा पाळण्यात होती, आता तिला नातवंडं आहेत. रोज मला विचारतो, दारात गेल्यावर पहिलं काय बोलू. मी म्हटलं, पाणी माग, पाणी मागणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. त्याला ते पटलं. तेव्हापासून उंटावर बसल्या बसल्या पाणी मागायचा सराव करतोय.

उद्या घाट चढतो.

करामा


सय्यदबाबांचा दर्गा, २० शाबान

मुझना,

आधी छत्रीला भोक पडलं. मग आवाज आला. मग म्हातारा पुढे वाकला, काही खाली पडलंय आणि ते बघतोय असा. छत्री त्याच्या हातातच होती. रक्त गळ्यातून येत होतं आणि उंट आपला चालत होता.

सकाळ होती, सगळं लख्ख दिसत होतं. वरच्या घाटाच्या शेवटच्या वळणावर आम्ही मुंगळ्यांसारखे ओळीने चढत होतो. मी पुढे नव्हतो, मुझना. म्हाताऱ्याच्या उंटाच्या पायात काटा गेला होता, तो काढायला मी मागे आलो होतो, खाली वाकलो होतो. काठी दगडाला टेकून ठेवली होती. माझी चाल बघायला मी चालतच नव्हतो.

दुसरी गोळी युस्लिमला पोटात लागली. तो बसला आणि मला शिव्या द्यायला लागला, दुसऱ्या कुणाला नाही, मला. तिसऱ्या गोळीने आमच्यासोबत आलेल्या बखीतचा उंट कोसळला, तो दोन गोण्यांसकट दरीत गेला आणि दोर तुटेपर्यंत मागच्या उंटाला ओढत राहिला. मग मी खडकावर चढून ओरडलो. मी करामा, सालिह सुमैरीचा मुलगा, ही माणसं माझ्या तोंडाच्या जामिनावर आहेत. घसा फाटेपर्यंत ओरडलो.

गोळीबार थांबला. कुणाच्या तोंडावर हात ठेवावा तसा एकदम थांबला. परके असते तर थांबले नसते, हे तुलाही कळतं. आणि तो आवाज मी ओळखला. बापाची बंदूक आधी फुसफुसते, मग खोकते, मग बोलते. मी ती मांडीवर घेऊन मोठा झालोय.

म्हातारा तिथेच संपला. बोलता येत नव्हतं, पण ओठ हलत होते. पाणीच मागत असेल. युस्लिमला जायला दुपार झाली, आणि तोवर तो शुद्धीवर होता.

दोघांना उंटावर बांधून दर्ग्यात आणलं. म्हाताऱ्याचे पुतणे तरीमहून आले. त्यांनी प्रेतांची आंघोळ मला घालू दिली नाही. तरीमच्या बाजारात त्यांनी खांबावर काळं निशाण चढवलंय. येणारा जाणारा विचारतो कुणाचं, आणि पोरं ओरडून सांगतात, करामा सुमैरीचं. काल एका पोराने मला शेणाचा गोळा मारला. मी त्याला काही केलं नाही. यावरून समज मी कसा असेन ते.

कायदा तुला ठाऊक आहे. माझ्या जिम्म्यातला माणूस माझ्याच जमातीच्या माणसाने मारला, तर ते रक्त मी माझ्या हाताने सांडायचं. नाहीतर निशाण उतरत नाही. सोबती म्हणून कुणी मला विचारणार नाही, मुलगी देणार नाही, मेल्यावर खांदाही देणार नाही.

एकच लिही. त्या सकाळी बंदूक कुणाच्या हातात होती?

करामा


हुवैर, ६ रमजान

करामा,

सईदच्या बापाच्या हातात होती. तुला वेगळं काही सांगत नाही.

त्याने छत्री बघितली. ओळ बघितली, पुढे उलटी बंदूक दिसली नाही. पूर्वेकडची माणसं अशीच ओळीने येतात, सोबत्याशिवाय. त्याने दगा करून कुणाला मारलं नाही, जामीन माहीत असून मोडला नाही. तुझी हाक आली तेव्हा त्याने जळता तोडा मुठीत धरून विझवला. तळहात भाजलाय, अजून पू येतो. घरी आला, डोक्यावरचं फडकं तोंडावर ओढलं आणि म्हणाला, 'मुझना, तो ओरडला तो करामा होता.' तुझं पायथ्याचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. मी वाचून दाखवलं तर उठून बाहेर गेला.

आता मी काय ठरवलंय ते ऐक, आणि या वेळी मिशीला तेल लावून नाही, कान उघडून ऐक.

ईद झाली की सईदचा बाप दर्ग्यात जाईल. गळ्यात दोर घालून, अनवाणी, म्हाताऱ्याच्या पुतण्यांपुढे. त्यांनी मारलं तर मारलं. घेतली तर चौपट भरपाई घेतील, आम्ही उंट देऊ, मजुरी करू. मी बाबांच्या सेवेकऱ्याकडे माणूस पाठवून विचारलंय. तो म्हणतो, काळं निशाण असंही उतरतं, पण गुन्हेगाराला सोबत्यानेच हाताला धरून आणलं पाहिजे. म्हणजे तू. आणि वाटेत पुतण्यांची माणसं टपलेली आहेत, तुझ्याशिवाय तो दर्ग्यापर्यंत जिवंत पोहोचायचा नाही.

तेव्हा तू ये आणि त्याला घेऊन जा. बखीतबरोबर बंदूक पाठवतेय. ती नीट खांद्याला उलटी टांग, नळी जमिनीकडे, आणि टाक्यावर ये. तो रोज दुपारी तिथे चिखल उपसायला असतो. मी त्याला सांगितलंय, नळी खाली करून येणारा माणूस दिसला तर समज तो तुला न्यायला आलाय.

इतकी वर्षं मागत होतास, घे. दारू आणि गोळ्याही त्याच पिशवीत आहेत. घरात आता सुरी आणि कोयता सोडून काही नाही.

मुझना


हुवैर, १८ शव्वाल

करामा,

तू दारापर्यंत आला नाहीस, म्हणून लिहावं लागतंय.

टाक्यावर तीन बायका होत्या. तिघींना वेगवेगळं विचारलं, तिघी एकच सांगतात. तू उतारावरून आलास तेव्हा नळी खाली होती. सईदच्या बापाने ते बघितलं. त्याने कमरेची जंबिया, ती वाकडी कट्यार, काढून काठावर ठेवली, घोटाभर चिखलातून वर आला, तुला देण्यासाठी वाडगाभर पाणी गाळून घेतलं. ते वाडगं त्याच्या हातात होतं. नळी वर आली तेव्हाही ते त्याने खाली टाकलं नाही, सांडेल म्हणून.

तू त्याला छातीत मारलंस, चार पावलांवरून. सदऱ्याला आग लागली. तो मागे टाक्यात पडला. त्या तिघींतली एक, जुम्आनची सून, आत उतरली आणि तिने त्याचं तोंड चिखलातून वर धरलं, म्हणजे निदान बुडून मरू नये. तू उभा राहून बघत होतास, असं ती म्हणते. मग बंदूक परत उलटी टांगलीस आणि गेलास.

त्या तिघी आणखी एक सांगतात. तुझा तोडा पेटलेला होता. उतारावर असल्यापासून धूर दिसत होता.

मला एवढंच सांग. न्यायला येणारा माणूस तोडा पेटवून येतो का?

त्या टाक्यातलं पाणी आता कुणी पीत नाही. बायका खालच्या खिंडीत जातात, जाऊन येईपर्यंत दिवस मावळतो. सईद बापाची जंबिया उशाशी घेऊन निजतो. ती मी काढून घेत नाही. त्याच्या चुलत काकांना तू कुठे आहेस ते हवंय. मला ठाऊक नाही, असं सांगितलं, आणि ते खरंच होतं.

तरीमला तुझं पांढरं निशाण लागलंय म्हणे. करामा सुमैरीने तोंड धुतलं. बघून ये कसं दिसतं.

मुझना


मुकल्ला, ९ जिल्कद

मुझना,

ताई लिहायचं होतं, हात धजला नाही.

पत्र दर्ग्यातून फिरत फिरत आलं. नळी खाली होती हे खरं. तोडा पेटलेला होता हेही खरं. घाट चढताना तो दोनदा विझवला आणि दोनदा पेटवला. म्हाताऱ्याची छत्री अजून वळणावर पडलीय, तिथे पेटवला. तुझं घर दिसलं, सईद शेळीच्या मागे पळत होता, तिथे विझवला. मग उतारावर परत पेटवला. मनात होतं, दाजींना बघेन तेव्हा काय ते कळेल.

तो वर आला, वाडगं पुढे केलं आणि म्हणाला, "आता कशी शोभते तुला. त्या दिवशी अशीच खांद्याला असती तर." त्याचे दात दिसत होते. मला वाटलं हसतोय. आता रोज तेच डोळ्यांपुढे येतं आणि रोज वाटतं की तो हसत नव्हता, रडताना पण माणसाचे दात दिसतात. पण तेव्हा मला हसतोय असं वाटलं. बंदूक फुसफुसली, खोकली आणि बोलली. मधे थांबवायला वेळ होता. तेवढा वेळ तिला नेहमीच लागतो.

पांढरं निशाण बघून आलो. स्वच्छ धुतलेलं कापड आहे, वाऱ्यावर फडफडतं. ज्याने शेणाचा गोळा मारला होता तो पोरगा मला खजूर द्यायला आला. तीन व्यापारी विचारून गेले, आमच्यासोबत चल, दुप्पट देतो, तुझ्यासारखा सोबती नाही. मी सेवेकऱ्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. नळी खाली होती, त्याच्या हातात पाणी होतं, हे निशाण उतरव आणि काळं चढव. तो जपमाळ ओढत म्हणाला, "पोरा, पुतण्यांना रक्त हवं होतं, मिळालं. नळी कुठे होती ते त्यांनी विचारलं नाही. तू कशाला सांगतोस?" मी पुतण्यांनाही सांगितलं. त्यांनी मला मिठी मारली.

म्हणजे तिथे माझं तोंड पांढरं, आणि ज्या तीन बायकांनी बघितलं त्यांना बाजारात कोणी विचारत नाही.

सोबत्याचं काम मी कधी करणार नाही. समुद्रापलीकडच्या लामू बंदराला जाणाऱ्या गलबतावर नाव लावलंय, वारा फिरला की निघू. तोवर बंदरात, मिठाच्या वखारीमागे निजतो. हे तुला मुद्दाम लिहितोय. सईदच्या काकांनी परत विचारलं तर या वेळी तुला ठाऊक नाही असं खोटं बोलू नकोस. सईद मोठा झाल्यावर विचारेल, त्यालाही सांग. लामू.

बंदूक विकली. घेणारा झांजीबारचा आहे, ती डोंगरात परत येणार नाही. तिच्यावरच्या चांदीच्या कड्यांचे पैसे त्याने वेगळे दिले. मी त्यातलं काही ठेवलं नाही, गलबतावर जेवण मिळतं. बखीत आता माझं काही नेत नाही, म्हणून पैसे मीठ नेणाऱ्या माणसाकडे देतोय. तुझ्या हातात घेऊ नकोस, उंबऱ्यावर ठेवायला सांगितलंय. खजूर घे, नाहीतर बंदुकीची दारू घे. या वेळी मी विचारणार नाही.

चाळीस रियाल.